पहिल्या कुलपाचा ईमेल

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे कोणी टोकायला नको. चूक माझी होती. सगळी नाही, पण सुरुवातीची होती. बाकीच्या चुकांत किशनरावांचा वाटा आहे, गुरांच्या हौदाचा आहे आणि ताडकळसच्या एका मोबाईलच्या दुकानाचा आहे. त्या मी जागच्या जागी नोंदवीन. बत्तीस वर्षं येलदरीला धरणाच्या कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस आहे मी. नोंद सोडत नाही.

आमच्या गावात चैत्रात महादेवाची जत्रा भरते. देवाचा चांदीचा मुखवटा वर्षभर गाभाऱ्यातल्या लोखंडी पेटीत असतो आणि त्या पेटीला तीन कुलपं आहेत. पहिलं शांतम्मांच्या घराचं, दुसरं किशनराव पाटलांच्या घराचं, तिसरं देवस्थान समितीचं, म्हणजे चिटणीस या नात्यानं माझं. हा क्रम मोडत नाही. शांतम्मांनी पहिलं कुलूप काढल्याशिवाय किशनरावांनी खिशातली किल्ली बाहेरसुद्धा काढायची नसते, मग ते कितीही एकरांचे मालक असोत.

शांतम्मा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नवरा जाऊन सव्वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, रान बटईनं, म्हणजे वाट्यानं, दिलेलं. एरवी वर्षभर त्यांच्या घराकडे कोणाचं लक्ष नसतं. जत्रेच्या दिवशी मात्र दोन हजार माणसं गप्प होऊन त्या बाईच्या हाताकडे बघतात. गळ्यात इष्टलिंगाच्या दोऱ्याशेजारी दुसऱ्या दोऱ्यात ती किल्ली असते. आंघोळीलाही काढत नाहीत, असं माझी बायको महेश्वरी सांगते.

तर यंदा शांतम्मांचं हे पहिलं कुलूप जाता जाता राहिलं. किल्ली गळ्यातच होती, कुलूपही जागेवर होतं. फक्त मी एक यादी केली होती.

यादीची मागणी आली तालुक्याच्या एका कचेरीतून. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण मला अजून तिथं कामं पडतात. गर्दी फार होते म्हणून यंदापासून गाभाऱ्यात फक्त मानकरी आणि समितीची माणसं, तीही पास असलेली, असा नियम निघाला. मी माझ्या सुवाच्य अक्षरात, समास सोडून, तीन प्रतींत यादी घेऊन गेलो. तिथं सविता मॅडम म्हणून बाई आहेत. स्वभावानं अतिशय चांगल्या. त्यांनी माझ्या तिन्ही प्रती प्रेमानं मला परत दिल्या.

"काका, कागद नको. यादी क्लाऊडवर ठेवा, मला बघायची परवानगी द्या अन् लिंक पाठवा. प्रत्येक नावापुढं मोबाईल अन् ईमेल पायजे. त्या ईमेलवर पास येईल, ज्याचा त्यानं स्वीकारायचा. शुक्रवारी पाच वाजता यादी बंद."

"अन् ईमेल नसला तर?"

"तर ओळ लाल होती."

"लाल झाली तर?"

"पास निघत न्हाई काका. पास न्हाई तर गाभारा न्हाई. कोणी बी असू द्या."

घरी येऊन मी लेकीला फोन लावला. राजेश्री हैदराबादला एका मोठ्या कंपनीत आहे. तिचं काम काय, तर कोणाला काय उघडता यावं आणि काय येऊ नये, हे ठरवायचं. दिवसभर हेच. आमच्या कचेरीत या कामाला एक शिपाई होता, तो दाराशी स्टुलावर बसायचा. हे मी तिला एकदा म्हणालो होतो, तेव्हापासून ती कामाबद्दल माझ्याशी फार बोलत नाही. पण या वेळी बोलली.

"बाबा, लिहून घ्या. एका माणसाची एकच ओळख. एकाच्या नावापुढं दुसऱ्याचा ईमेल टाकायचा नाही. ज्याचं जेवढं काम, तेवढीच त्याला परवानगी. आणि फाइलची मालकी कोणालाही द्यायची नाही."

"किशनरावांना बी न्हाई?"

"रुसले तरी नाही."

मी तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या, खाली तारीख टाकली. पुढच्या आठ दिवसांत मी त्या तिन्ही मोडल्या, आणि लिहिलेल्या क्रमानंच मोडल्या. शिस्त म्हणजे शिस्त.

पहिली मोडली ती भर दुपारी. यादी टाइप करायला बसलो आणि पहिलीच ओळ शांतम्मांची. मोबाईल बटनांचा, ईमेल नाही. ओळ लाल झाली. आता लाल शाई म्हटलं की मला अजून धडधडतं, साहेबांनी तशी सवय लावून ठेवली आहे. शांतम्मांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. जाऊन विचारायचं होतं. पण ऊन काय होतं! चैत्रातलं आमच्या परभणीचं ऊन ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक. मग मला आठवला महांतेश, त्यांच्या नवऱ्याचा पुतण्या. परभणीत त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्याचा ईमेल माझ्याकडे वर्गणीच्या पावतीवर होता. म्हटलं, ईमेलपुरता त्याचा टाकू, मान तर शांतम्मांचाच आहे. तात्पुरतं. ओळ हिरवी झाली. मी पंखा वाढवला आणि पडलो.

महेश्वरीनं विचारलं, "शांतम्माला सांगितलं का?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला कळतंय म्हून इचारलं," असं म्हणून ती आत गेली. या बाईला माझ्याशी बोलताना शेवटचं वाक्य आपलंच असावं असा हट्ट आहे.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर समितीची बैठक बोलावली. मी मोबाईल मधे ठेवला आणि परवानग्यांचे प्रकार समजावून सांगितले. मालक, संपादक आणि दर्शक. दर्शकानं फक्त बघायचं, हात लावायचा नाही. किशनरावांना मी दर्शक केलं होतं, कारण त्यांना यादीत काही करायचंच नव्हतं.

किशनरावांनी चष्मा लावला, स्वतःच्या नावापुढचा शब्द वाचला आणि चष्मा काढला.

"मला नुसतं बघायचं?"

"तसा नियम हाय किशनराव. राजेश्री म्हणते, जेवढं काम तेवढीच परवानगी."

"आमच्या पंजोबानं ह्या देवळाचा चौथरा बांधला. अन् मी नुसतं बघू? मंग ह्ये समदे काय करनार?"

समदे म्हणजे बाकीचे नऊ जण. तेही माझ्याकडे बघायला लागले. एका माणसाला दर्शक म्हणायचं आणि दुसऱ्याला संपादक, हे कंपनीत चालत असेल. इथं एकाच पंगतीला बसणारी माणसं. एकाला वाढलं आणि एकाला नाही, असं करून कसं भागेल? मी सगळ्यांना संपादक केलं. तेवढ्यावर मिटायला हवं होतं.

"अन् मालक कोन हाय?" किशनरावांनी विचारलं.

मी घसा साफ केला. "सध्या... मी."

अख्खा गाव ज्यांना मालक म्हणून हाक मारतो ते समोर बसलेले, आणि देवाच्या यादीचा मालक मी! पेन्शनर! माझे कान गरम झाले. "तसं न्हाई, तुमच्याच नावानं करायची व्हती," मी म्हणालो. खोटं बोललो, पण त्या जागी कोणीही बोललं असतं.

नुसती बोटानं मालकी देऊन टाकणं मात्र कोणालाच रुचेना. कोणीतरी म्हणालं, एवढा मोठा मान द्यायचा तर रीतीनं द्या. मग सोमवारी सकाळी रीतसर कार्यक्रम झाला. टोपी, उपरणं, नारळ. मी चार शब्द बोललो, ते चाळीस मिनिटं चालले. मग किशनरावांना कुंकू लावलं, त्यांच्या मोबाईललाही लावलं आणि टाळ्यांच्या गजरात 'मालकी हस्तांतरित करा' हे बटन दाबलं. फोटोत मी कडेला आलोय, अर्धाच.

राजेश्रीला मी फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "बाबा, तुम्ही मालकी हस्तांतराला नारळ फोडला?"

"दोन. एक तुझ्या आईनं दिला."

तिनं फोन आईकडे द्यायला सांगितलं.

आता दहा संपादक म्हटल्यावर काय होणार! मंगळवारी सकाळी प्रत्येकानं आपलं नाव एक ओळ वर सरकवलं. दुपारपर्यंत माजी सरपंच आले, भावी सरपंच आले, कोणाचा तरी जावई 'विशेष निमंत्रित' म्हणून आला. बारा नावांची यादी चौसष्टावर गेली. सविता मॅडमचा फोन.

"काका, चौसष्ट मानकरी? गाभारा केवढा हाय तुमचा?"

मी धावत किशनरावांकडे गेलो. ते गोठ्यात होते. मी तिथंच हौदाच्या कडेला बसून उपटसुंभ नावं एकेक खोडली, यादी पुन्हा बारावर आणली, सविता मॅडमना कळवलं आणि किशनरावांना म्हणालो, "आता हे बंद करा. हे बटन दाबा, सर्वांना फक्त बघण्याची परवानगी."

त्यांनी अंगठा दाबला. सर्वांना म्हणजे सर्वांना. त्यात मीही आलो. हे माझ्या लक्षात यायला आणि किशनरावांनी म्हशीला पाणी दाखवायला वाकायला एकच गाठ पडली. वरच्या खिशातला फोन असा सुळ्ळकन हौदात गेला की म्हैससुद्धा दचकली.

काढला, पुसला, तांदळात ठेवला. फोनचा जीव गेला होता.

म्हणजे आता परिस्थिती अशी की यादीला हात लावायचा अधिकार जगात फक्त किशनरावांना आणि किशनरावांचा फोन तांदळाच्या डब्यात. मी माझ्या मोबाईलवर यादी उघडली. मी टाइप केलेली यादी, माझे समास, माझे अनुक्रमांक! एका नावाला बोट लावलं तर खाली आलं, 'आपणास परवानगी नाही. मालकास विनंती पाठवा.' माझं नाव परमेश्वर आहे हो. लहानपणापासून लोक माझ्याकडे मागत आलेत. मी तीन विनंत्या पाठवल्या. तिन्ही तांदळात गेल्या.

तरी मी घाबरलो नव्हतो, कारण यादी बरोबर होती. घाबरलो बुधवारी सकाळी, महांतेशचा निरोप आला तेव्हा. शरणार्थ म्हणजे आमच्यातला नमस्कार, आणि अप्पा म्हणजे मी. 'शरणार्थ अप्पा. पास आला. पहिलं कुलूप, महांतेश. स्वीकारला. लय उपकार झाले.'

मी चहाची बशी खाली ठेवली. लगेच सविता मॅडमना फोन लावला.

"काका, पास नावावर निघत न्हाई, ईमेलवर निघतो. ईमेल ज्याचा, पास त्याचा. आता दोन गोष्टी कराव्या लागतील. तुमी त्या ओळीतला ईमेल बदला, अन् त्या महांतेशनी स्वतः पास सोडायला पायजे. मंग त्या आजींचा निघंल. शुक्रवारी पाचपर्यंत, बरं का. नंतर माझ्या बी हातात न्हाई."

महेश्वरी मागे उभी होती. "शांतम्माला सांगितलं का?"

"दुरुस्त करतो, मंग सांगतो."

"म्हंजे सांगायचंच न्हाई तुमाला."

मला राग आला. तिचा नाही, खरं सांगायचं तर स्वतःचाच. पण तो मी तिच्यावर काढला, जेवलो नाही. संध्याकाळी भूक लागली तेव्हा कोणी आग्रहही केला नाही.

गुरुवारी किशनराव आणि मी ताडकळसला. नवा फोन घेतला, जुनं शिम घातलं, आणि फोननं पासवर्ड विचारला. किशनराव म्हणाले, पासवर्ड म्हणजे काय? त्यांचं खातं चार वर्षांपूर्वी याच दुकानाच्या योगीराजनं काढून दिलं होतं. योगीराजला विचारलं.

"आता आठवत न्हाई मालक. पण घाबरू नका. विसरलं की कोड येतो. नंबर टाकलेला हाय."

"कोनाचा?"

"माझाच. गिऱ्हाइकाला सोताचा नंबर पाठ नसतो, म्हून मी समद्यांना माझाच टाकायलोय. सव्वाशे खाती असतील."

सव्वाशे! आमच्या पंचक्रोशीतल्या सव्वाशे इज्जतदार माणसांची ओळख या माणसाच्या खिशात! मी म्हणालो, "मग बघ कोड आला का." तर तो डोकं खाजवायला लागला. तो नंबर त्याच्या खिशातही नव्हता. ते शिम त्यानं दोन वर्षांपूर्वी सासूला दिलं होतं. सासू पिंगळीला.

त्यानं फोन लावून स्पीकरवर ठेवला. "मामी, आत्ता एक कोड आला का बघा."

"आला."

"सांगा बरं."

"न्हाई."

"अहो मामी, मी योगीराज."

"आवाज वळखला. बचत गटात बँकवाल्या बाईनं सांगितलंय, कोड कोनालाच सांगायचा न्हाई. जावई म्हनला तरी न्हाई."

"मामी, आपल्या गावाकडले पाटील हायत हितं, त्यांचा हाय."

"ज्याचा हाय त्यानं यावं," आणि फोन बंद.

शुक्रवारी सकाळी आठला किशनराव आणि मी मोटारसायकलवर पिंगळीला निघालो. स्टेशनच्या मागे घर. योगीराजच्या सासूबाई, दगडाबाई, ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. बाई अंगानं एवढीशी, पण नजर अशी की मी आपोआप चप्पल बाहेर काढली.

"कोन किशनराव?" त्यांनी विचारलं.

किशनरावांना आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नियमानं गप्प बसलो. त्यांनी आधार कार्ड काढलं. दगडाबाईंनी ते उलटं-सुलटं करून बाजूला ठेवलं.

"ह्ये कोनाला बी छापून मिळतंय. आईचं नाव सांगा."

"तानुबाई."

"माहेर?"

"पेडगाव."

"पेडगावात कोनाची? माझं बी माहेर तिथलंच हाय. मामाच्या दाराम्होरं काय हाय?"

"लिंब."

"लिंब समद्याच्याच दाराम्होरं ऱ्हातोय."

किशनरावांच्या कपाळाला घाम आला. मोठमोठ्या सभेत भाषणं ठोकणारा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखे उभे होते. मग एकदम म्हणाले, "आड! आड व्हता, तो बुजवला. त्येच्यात माझी सोन्याची बाळी पडली व्हती, म्हून आईनं मला लय मारलं व्हतं."

दगडाबाई हसल्या. "हां. तानुआक्काचा ल्योक. बसा." मग माझ्याकडे वळल्या. "अन् ह्यो कोन?"

"चिटनीस हायत आमचे."

"कोड ह्येचा हाय का?"

"न्हाई."

"मंग ह्येनं तिकडं शेळीपशी जाऊन उभं ऱ्हावं."

मी शेळीपाशी जाऊन उभा राहिलो. शेळीनं माझ्या धोतराचा सोगा तोंडात घेतला. तिकडे किशनरावांच्या कानात कोड सांगितला गेला, तोवर त्याची मुदत संपली. दुसरा मागवला, त्यात किशनरावांनी सहाचा नऊ केला. तिसरा लागला. हे सगळं मी तिथूनच राजेश्रीला फोनवर सांगत होतो. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "बाबा, पूर्ण जिल्ह्यात ह्या एकट्या बाईला माझं काम नीट येतं."

मला थोडं लागलं ते. पण शेळीच्या तोंडातून सोगा सोडवता सोडवता लेकीशी वाद घालायची इच्छा झाली नाही.

खातं उघडलं. किशनरावांनी स्वतःहून मला पुन्हा संपादक केलं. "अप्पा, ही मालकीबी परत घ्या. फुकटची बेजारी," म्हणाले. नारळाचा विषय कोणी काढला नाही.

गावात पोचायला दोन वाजले. उरले तीन तास. आता ईमेल शांतम्मांचाच काढायचा, त्यासाठी शांतम्मांकडे जायचं, आणि जायचं म्हणजे सांगायचं. त्या दोन गल्ल्या मी चाललो. ऊन त्या दिवशीइतकंच होतं.

आत गेलो तर महांतेश बसलेला. अंगावर नवं कोरं धोतर, समोर पेढ्यांचा पुडा. शांतम्मा पुडा हातात घेऊन त्याच्याकडे बघत होत्या.

"कशाचे पेढे हायत, सांगंना ह्यो," त्या मला म्हणाल्या. "पाया पडतोय अन् रडतोय."

"काकू, तुमी मला पहिलं कुलूप दिलं," महांतेश म्हणाला. "मला वाटलं व्हतं, तुमी मला कधी आपला म्हननारच न्हाई."

"मी दिलं? कवा?"

दोघंही माझ्याकडे वळले. मी खाली बसलो. कचेरीत मी शेकडो खुलासे लिहिले, दुसऱ्यांच्या चुकांचेसुद्धा. त्या वेळी मला एक वाक्य धड जमेना. "शांतम्मा, यादीत तुमच्या नावापुढं मी महांतेशचा ईमेल टाकला. तुमाला न विचारता. म्हून पास त्याच्या नावानं निघाला. त्याचा काही कसूर न्हाई. माझा हाय."

शांतम्मांनी पुडा खाली ठेवला. एक हात गळ्यातल्या दोऱ्यावर गेला होता.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षं म्या कुलूप काढायले. मेल्यावर कोनाला द्यायचं त्येचा इचार मला रोज येतो. अन् तुमी ते दुपारच्याला बसल्या जागी देऊन टाकलं. दोन गल्ल्या हायत मधी. दोनच."

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. मी नुसता हात जोडून बसलो.

महांतेश उठला नाही, ओरडला नाही. पुड्याची दोरी पुन्हा बांधायला लागला, गाठ बसेना त्याला. "मला वाटलं, काकूनंच सांगितलं असंल," एवढंच तो म्हणाला. गावात दोन घरी तो सांगून आला होता. बायकोलाही सांगितलं होतं. त्याला वाईट वाटणार हे मी आठ दिवसांत एकदाही मनात आणलं नव्हतं. मी त्याला अख्खा वेळ नुसता एक ईमेल समजत होतो.

मग त्यानं फोन काढला आणि 'पास सोडतो' दाबलं. ते मेलं यंत्र विचारतंय, 'नक्की?' त्यानं काकूकडे बघितलं. त्यानं परत दाबलं.

साडेतीन वाजले होते. शांतम्मांचं खातं माझ्या फोनवर काढायला घेतलं. नाव, जन्मसाल, त्यांचा बटनांचा फोन, त्यावर आलेला कोड. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, आकडे त्यांनीच वाचले. पासवर्डची पाळी आली तेव्हा मी नेहमीच्या तत्परतेनं वही काढली. "सांगा, मी लिहून ठेवतो."

"राजेश्री काय म्हनती? कोनाला सांगावं का?"

"कोणालाच न्हाई."

"मंग तुमी तिकडं बघा," असं म्हणून त्यांनी फोन पदराखाली घेतला. मी भिंतीकडे तोंड केलं, महांतेशनंही केलं. आम्ही दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादश्या वाचत बसलो आणि मागे पदराखाली बराच वेळ टकटक चालू होती. मग तो नवा ईमेल मी यादीत त्यांच्या नावापुढं टाकला. पाचला वीस कमी असताना सविता मॅडमचा फोन आला. ओळ हिरवी झाली होती, पास निघाला होता. महांतेश पेढे तिथंच ठेवून निघून गेला. जेवून जा म्हटलं तर थांबला नाही.

रविवारी जत्रा. भर सकाळी ढोल, शिंग, धूळ, आणि गाभाऱ्याच्या तोंडाशी बॅरिकेड. शांतम्मा पांढऱ्या लुगड्यात, पासाचा कागद हातात धरून आत गेल्या. किशनराव गेले. मी जायला निघालो तेवढ्यात कॉन्स्टेबलनं मला थांबवलं.

"चिटणीस साहेब, हे म्हणायलेत, ते आजींचे पुतणे हायत. यादीत तर नाव न्हाई. सोडू का?"

बॅरिकेडपलीकडे महांतेश उभा होता. तेच नवं धोतर, पण आज त्यावर धूळ बसलेली. तो माझ्याकडे बघत नव्हता, आत बघत होता. मला फार वाटलं, हो म्हणून टाकावं. माझ्यामुळे झालेलं दुखणं माझ्याच हातानं निस्तरावं. तोंडही उघडलं होतं.

"मला नका विचारू," मी म्हणालो. "आजींना विचारा."

कॉन्स्टेबल आत गेला. शांतम्मा पेटीपाशी पोचल्या होत्या, किल्ली दोऱ्यातून काढलेली. त्यांनी वळून बघितलं. घाई केली नाही. दोन हजार माणसं खोळंबली, ढोल थांबला, किशनरावांनी खिशातला हात तसाच ठेवला.

"येऊ द्या त्येला," शांतम्मा म्हणाल्या. "समई धरंल. कुलपाला हात लावायचा न्हाई."

महांतेश वाकून आत आला, त्यानं समई उचलली आणि पेटीजवळ धरली. त्या उजेडात त्यांनी कुलूप काढलं.